एका मजल्यावरची तीन दारे: घरावर उत्पन्नाचा किती वाटा जातो?

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे 7 टक्के खर्च घरभाड्यावर होतो. त्याच सर्वेक्षणात शहरी भागातील दरडोई मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये आढळला. या दोन आकड्यांचा गुणाकार केला, तर चार माणसांच्या कुटुंबाचे महिन्याचे भाडे दोन हजार रुपयांच्या आत येते. मुंबई, ठाणे किंवा पुण्यात भाड्याने राहणाऱ्या कोणालाही हा आकडा थट्टेचा वाटेल, कारण तेवढ्या पैशांत तिथे मोटार उभी करायला जागा मिळणेही कठीण आहे.

तरीही हा आकडा खोटा नाही. तो नेमका कशाचा आहे, एवढेच नीट पाहिले जात नाही. घरखर्चाचा वाटा हा शेवटी एक अपूर्णांक आहे. त्याच्या अंशात काय धरले, छेदात काय धरले आणि कोणाकोणाची मिळून सरासरी काढली, यावर तो 5 टक्केही निघू शकतो आणि 45 टक्केही. हे समजून घेण्यासाठी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ.

ही इमारत चिंचवडमध्ये आहे असे समजा. मजल्यावर 301, 302 आणि 303 असे तीन फ्लॅट आहेत. तिन्ही टू-बीएचके, एकाच नकाशाचे, आजच्या बाजारभावाने प्रत्येकी साडेबासष्ट लाखांचे. हिशेब सोपा राहावा म्हणून तिन्ही कुटुंबांच्या हाती दरमहा 1,10,000 रुपये येतात असेही धरू. 301 मधल्या कुटुंबाचे कर्ज कधीच फिटले आहे. 302 मधल्यांनी नुकतेच 50 लाखांचे कर्ज काढून घर घेतले आहे. 303 मधले कुटुंब महिना 18,000 रुपये भाड्याने राहते.

301 चा घरखर्च म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स 3,500 रुपये आणि घरपट्टीचे महिन्याला पडणारे 1,000 रुपये, असे एकूण 4,500 रुपये. उत्पन्नाच्या जेमतेम 4 टक्के. 302 च्या कर्जाचा व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली, तर हप्ता 43,391 रुपये येतो. त्यात तोच मेंटेनन्स आणि तीच घरपट्टी मिळवली की खर्च 47,891 रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या साडेत्रेचाळीस टक्क्यांवर जातो. 303 चे 18,000 रुपये म्हणजे सोळा टक्क्यांहून थोडे अधिक. तिन्ही घरांना तेवढीच खोली, तोच जिना, आठवड्यातून दोनदा येणारा तोच पाण्याचा टँकर, आणि घरावर जाणारा वाटा मात्र 4, 43 आणि 16 टक्के.

आता या मजल्यावर सर्वेक्षण करणारा माणूस आला, तर ‘भाडे’ या सदरात तो काय लिहील? 301 चे शून्य, कारण ते भाडे देत नाहीत. 302 चेही शून्य, कारण कर्जाचा हप्ता हा उपभोगाचा खर्च मानला जात नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ती मालमत्ता उभारण्यासाठी घेतलेल्या कर्जाची परतफेड असते. 303 चे 18,000. तिन्ही घरांच्या 3,30,000 रुपयांत हे भाडे साडेपाच टक्के भरते. सर्वेक्षणाचे 7 टक्के याच वाटेने आलेले आहेत. 2011 च्या जनगणनेत शहरी भागातील सुमारे 69 टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात आणि साडेसत्तावीस टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. म्हणजे चारांपैकी एखाद्या कुटुंबाने दिलेले भाडे चारही कुटुंबांत वाटून हा आकडा तयार होतो. दोन्ही वर्षे वेगळी आहेत आणि सगळ्यांचा खर्च सारखा नसतो हे मान्य करूनही, ढोबळ भागाकार केला तर प्रत्यक्ष भाडे देणाऱ्या कुटुंबाच्या खर्चातला भाड्याचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास येतो. हा आकडा मात्र ओळखीचा वाटतो.

महागाईचा निर्देशांक काढताना सरकारच या मजल्याकडे निराळ्या नजरेने पाहते. 2012 हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेत शहरी भागासाठी घरांचे वजन 21.67 टक्के होते, म्हणजे सर्वेक्षणातल्या वाट्याच्या तिप्पट. याचे कारण असे की तिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचेही भाडे धरले जाते. 301 चे मालक स्वतःच स्वतःचे भाडेकरू आहेत आणि बाजारभावाने 18,000 रुपयांचा निवारा ते स्वतःला देत आहेत, असे मानून ती रक्कम त्यांच्या नावे लिहिली जाते. यालाच मानीव भाडे म्हणतात. कल्पना विचित्र वाटते, पण ती निरर्थक नाही. घर फिटलेले असण्याची श्रीमंती पैशांत मोजायची, तर दुसरा मार्ग नाही. निवृत्त माणूस ‘पेन्शन थोडी आहे, पण घर स्वतःचे आहे’ असे सांगतो, तेव्हा तोही मानीव भाड्याचीच भाषा बोलत असतो. त्याच मालिकेत ग्रामीण भागासाठी घरांचे वजन शून्य होते, हेही लक्षात ठेवावे.

हप्त्याच्या पोटात काय असते

302 च्या हप्त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज असतात, म्हणून तिथे थोडे थांबू.

50 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज 35,417 रुपये होते. हप्ता 43,391 रुपयांचा, म्हणून मुद्दलातून वजा होतात फक्त 7,974 रुपये. पुढच्या महिन्यात व्याज किंचित कमी, मुद्दल किंचित जास्त, असे करत 240 हप्ते भरले की एकूण 1 कोटी 4 लाख रुपये बँकेत गेलेले असतात, त्यात 54 लाखांहून अधिक व्याज. यातले व्याज हाच खरा खर्च. मुद्दलाची फेड ही एका अर्थाने बचत आहे, कारण तेवढा घराचा हिस्सा आपला होत जातो. आमच्या घरी महिन्याच्या खर्चाची लाल पाठीची वही असे, तीत वडील बँकेचा हप्ता ‘बचत’ या पानावर लिहीत आणि आई तो आग्रहाने ‘खर्च’ या पानावर आणत असे. हिशेबाच्या शास्त्राप्रमाणे दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. पहिल्या वर्षांत आई जास्त बरोबर आणि शेवटच्या वर्षांत वडील, एवढाच फरक. मात्र महिन्याच्या पंचवीस तारखेला किराणा कशातून आणायचा हा प्रश्न आला, की हप्त्यातले मुद्दल वेगळे काढून वापरता येत नाही. त्यामुळे घरातल्या पैशांची ओढ मोजायची असेल तर पूर्ण हप्ता धरावा, आणि घर घेणे की भाड्याने राहणे स्वस्त हे ठरवायचे असेल तर फक्त व्याज धरावे. दोन प्रश्नांना एकच आकडा लावला की घोळ होतो.

हप्त्यात न दिसणारा भाग त्याआधीच गेलेला असतो. 30 लाखांहून अधिक आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून साडेबासष्ट लाखांच्या घरासाठी साडेबारा लाख रुपये पदरचे घालावे लागतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4,37,500 रुपये; घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास 1 टक्क्याची सवलत. नोंदणी शुल्क 30,000. बांधकाम चालू असलेले घर असेल, तर त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3,12,500. बेरीज 20 लाखांच्या वर जाते. हे वीस लाख कोणत्याच महिन्याच्या वाट्यात दिसत नाहीत. ते भविष्यनिर्वाह निधीतून, आईच्या दागिन्यांतून किंवा गावाकडच्या जमिनीतून आलेले असतात, आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नसते ते 303 मध्ये राहतात, त्यांचा पगार 302 एवढाच असला तरी.

शिवाय हा वाटा घरमालकाने काही न करता बदलतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी तरत्या, म्हणजे बदलत राहणाऱ्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दरासारख्या) बाहेरच्या मापदंडाशी जोडावी लागतात. मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. 7 टक्के दराने 50 लाखांचे 20 वर्षांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता 38,765 रुपये होता. दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला, तर 50 लाखांवरचे एका महिन्याचे नुसते व्याजच 39,583 रुपये होते. म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढू लागते. अनेकांना बँकेचे कळवणारे पत्र आले तेव्हा कर्जाची मुदत निवृत्तीच्या वयापलीकडे गेल्याचे दिसले. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने असा नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, याची निवड कर्जदाराला द्यावी, आणि स्थिर दराकडे वळण्याचीही मुभा असावी. 2025 मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. तेव्हा अनेकांचा हप्ता आपोआप कमी झाला नाही. मुदत कमी झाली. मागून घेतल्याशिवाय महिन्याचा दिलासा मिळत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

303 चा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. दर वेळी नवे घर शोधावे लागले तर एका महिन्याचे भाडे दलालाला जाते, ते 11 महिन्यांत वाटले की महिन्याला 1,636 रुपये. 60,000 रुपये डिपॉझिट मालकाकडे बिनव्याजी पडून असते. बँकेत 6 टक्क्यांनी ठेवले असते तर त्याचे महिन्याला 300 रुपये मिळाले असते. सामान हलवण्याचे टेम्पो-हमालीचे 8,800 रुपये धरले तर महिन्याला आणखी 800. अशा रीतीने 18,000 चे घर 20,700 च्या पुढे जाते आणि वाटा सोळाचा जवळजवळ एकोणीस टक्के होतो. यात मुलांची शाळा बदलण्याचा, गॅसचा पत्ता बदलण्याचा आणि नव्या सोसायटीच्या ‘फक्त फॅमिली’ या पाटीला तोंड देण्याचा खर्च धरलेला नाही.

तीस टक्क्यांचा नियम आला कुठून

‘घरावर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त खर्च करू नये’ हे वाक्य आर्थिक सल्लागारांपासून नातेवाइकांपर्यंत सगळेच म्हणतात. त्यामागे काही गणित आहे असा समज असतो. प्रत्यक्षात तो एका देशाच्या सरकारी भाडेधोरणाचा अवशेष आहे. अमेरिकेत ‘महिन्याचे भाडे म्हणजे आठवड्याची मजुरी’ असा जुना संकेत होता. 1969 मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने तिथल्या सरकारी घरांमधील भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या 25 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले, आणि 1981 मध्ये ती मर्यादा 30 टक्क्यांवर नेण्यात आली. म्हणजे पंचवीसाचे तीस झाले ते सरकारी अनुदान आटोक्यात ठेवण्याच्या ओघात. लोकांना परवडते किती, याच्या शोधातून नव्हे. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था ही रेषा खर्चायोग्य उत्पन्नाच्या 40 टक्क्यांवर ओढते. भारतात 2008 मध्ये दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी 30 टक्के आणि मध्यम उत्पन्न गटासाठी 40 टक्के अशा दोन रेषा सुचवल्या, आणि घराची किंमत अनुक्रमे वार्षिक उत्पन्नाच्या चौपट व पाचपटीच्या आत असावी असे म्हटले. आपल्या 302 चे वार्षिक उत्पन्न 13 लाख 20 हजार आहे. पाचपट केले तर 66 लाख, म्हणजे घर या कसोटीला उतरते, आणि तरीही नुसत्या हप्त्यानेच 39 टक्के खाल्ले आहेत. कसोट्या एकमेकींना किती सैलसर बांधलेल्या असतात, ते यावरून दिसावे.

दुसरा नेहमी छापला जाणारा आकडा नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या परवडण्याच्या निर्देशांकाचा. सरासरी कुटुंबाला त्या शहरात घर घ्यायचे झाल्यास उत्पन्नाचा किती हिस्सा हप्त्यात जाईल, हे तो सांगतो. 2024 मध्ये तो मुंबईसाठी 50 टक्के, पुण्यासाठी 23 टक्के आणि अहमदाबादसाठी 20 टक्के होता. मुंबईचाच 2010 चा आकडा 93 टक्के होता. मुंबईकर घरावर निम्मा पगार घालवतात, असा या बातमीचा अर्थ लावला जातो, तो चूक आहे. आज नवे घर घेतले तर किती जाईल, असा तो काल्पनिक प्रश्न आहे. तो 302 च्या दारावरच थाप मारतो आणि उरलेल्या दोन दारांकडे बघत नाही.

आपल्याकडे घरखर्चाच्या वाट्याचे सरकारी मत सर्वांत स्पष्ट दिसते ते घरभाडे भत्त्यात. केंद्रीय कर्मचाऱ्यांना जानेवारी 2024 पासून मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या 30 टक्के, मधल्या शहरांत 20 आणि इतरत्र 10 टक्के घरभाडे भत्ता मिळतो, आणि या मोठ्या शहरांत पुणे आहे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखाली याच भत्त्यावरील करसवलतीसाठी मात्र पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला होती, पुण्याला 40. एकाच सरकारच्या दोन खात्यांच्या मते पुणे एकदा महाग होते आणि एकदा नव्हते. त्या सवलतीच्या सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा करून उरलेली रक्कमच विचारात घेतली जाते. पगाराचा दहावा हिस्सा निवाऱ्यावर जाणे हे स्वाभाविक आहे, असे त्या सूत्राने गृहीत धरले आहे.

वाट्यापेक्षा बाकी

टक्केवारीच्या कसोटीत एक मूळचा दोष आहे. महिना 40,000 मिळवणाऱ्या कुटुंबाने 30 टक्के, म्हणजे 12,000 रुपये भाडे दिले, तर हाती 28,000 उरतात. त्यात चार माणसांचे जेवण, शाळेची फी, औषधे, गावी पाठवायचे पैसे. दोन लाख मिळवणाऱ्याने 40 टक्के, म्हणजे 80,000 दिले, तर 1,20,000 उरतात. नियमाच्या भाषेत पहिल्याला घर परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही. हर्मान श्वाबे या सांख्यिकीतज्ज्ञाने 1868 मध्येच बर्लिनच्या आकड्यांवरून दाखवले होते की उत्पन्न जितके कमी तितका भाड्याचा वाटा मोठा असतो. म्हणून गरिबांच्या बाबतीत ‘किती टक्के गेले’ यापेक्षा ‘काय उरले’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी उलट दिशेने हिशेब करावा लागतो: आधी जेवण, औषध, शिक्षण, प्रवास यांचा किमान खर्च मांडायचा, तो उत्पन्नातून वजा करायचा आणि उरेल तेवढेच घरासाठी आहे असे समजायचे. काही कुटुंबांच्या बाबतीत ही रक्कम शून्याच्या खाली जाते. त्यांना पाच टक्के भाडेही परवडत नसते आणि तरी ते भरत असतात.

उत्पन्न म्हणजे काय, हाही प्रश्न छेदात बसलेला आहे. पगारदाराचे एकूण वेतन आणि हाती येणारे वेतन यांत भविष्यनिर्वाह निधी आणि कर यांचा फरक पडतो. बँक कर्ज देताना बहुधा एकूण आकडा पाहते आणि घर चालते हाती येणाऱ्यावर. रिक्षाचालकाचे किंवा डोसे विकणाऱ्याचे उत्पन्न पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत बदलते, भाडे बदलत नाही. धाकट्या मुलीच्या नोकरीचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरायचा का, आणि दोन वर्षांनी तिचे लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार, याचे उत्तर तर कोणत्याच तक्त्यात नसते. शिवाय आपल्याकडे पुष्कळांची घरे दोन असतात. मुंबईतल्या खोलीचे भाडे भरणारा कोकणातल्या घराची कौले बदलण्यासाठी मे महिन्यात जे पैसे घालतो, तोही घरखर्चच आहे. फक्त तो कोणी विचारत नाही.

कमी वाट्याचे घर

वाटा कमी असणे म्हणजे घर परवडणे, असे समजण्याची चूक टाळायची असेल, तर मुंबईचा इतिहास पाहावा. 1921-22 मध्ये सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा खर्चातला भाड्याचा वाटा आठ टक्क्यांच्याही आत आढळला होता. आजच्या कोणत्याही नियमाने ते नंदनवन ठरेल. पण त्याच पाहणीप्रमाणे 97 टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती. गिरणगावातल्या माणसाने घराची किंमत पैशांत दिली नाही. पाळ्यांनी झोपून, सामायिक नळावर रांग लावून आणि बायकोमुलांना गावी ठेवून दिली.

पुढे भाडेनियंत्रण आले. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. पागडीच्या घरात राहणाऱ्यांचा भाड्याचा वाटा वर्षागणिक घसरत जवळजवळ शून्यावर आला, आणि भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून इमारतींवर उपकर बसवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये प्रमाणित भाड्याची ती तरतूद कालबाह्य आणि मनमानी ठरवली, त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात भाडेवाढीची मर्यादा वर्षाला 4 टक्के आहे. ज्या घराचे भाडे विजेच्या बिलापेक्षा कमी आहे, त्या घराच्या गॅलरीला लोखंडी टेकू लावलेले असतात, हे दृश्य दक्षिण मुंबईत अजूनही दिसते.

आजचा कमी वाटा बहुधा अंतराने विकत घेतला जातो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 68 किलोमीटर. दादरच्या भाड्याच्या थोड्याशा हिश्शात बदलापूरला घर मिळते आणि लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत येतो. रेल्वेचा तोटा सोसून दिलेला हा पास म्हणजे खरे तर घरासाठीचे अनुदान आहे. तो नसता तर अर्धी मुंबई कामाला पोहोचली नसती. पण जाऊन-येऊन साडेतीन तास धरले, तर महिन्याच्या 25 दिवसांत 87 तास गाडीत आणि फलाटावर जातात, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे जवळजवळ अकरा दिवसांची नोकरी. शिकागोतील एका संस्थेने घर आणि प्रवास यांचा एकत्र निर्देशांक तयार केला आहे आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावेत अशी रेषा आखली आहे. पैशांच्या या रेषेच्या आत मुंबईचा दूरचा प्रवासी सहज राहतो. वेळेचा रकाना घातला तर राहणार नाही.

घर फिटले आणि भाडेही नाही, म्हणून वाटा कायमचा तीन-चार टक्क्यांवर राहतो असेही नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने बांधकामाच्या खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करायचा असतो. ते टाळत राहिलेल्या सोसायटीत इमारत तिशीत आली की एकदम लाखभराची वर्गणी निघते. आणि तीन मजली इमारत पाडून तिथे वीस मजली मनोरा उभा राहिला, तर लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर आणि पहारेकरी यांचा मेंटेनन्स 3,500 चा 12,000 होऊ शकतो. 40,000 रुपये पेन्शन असलेल्या माणसाला तो 30 टक्के पडतो. त्याच्या नावावरचे घर कोटीचे झालेले असते आणि त्याला ते परवडत नसते.

ब्रिटिश काळात 1920 च्या दशकात मुंबई विकास विभागाने बांधलेल्या बीडीडी चाळींची गोष्ट इथे येऊन मिळते. एकूण 207 इमारती, 160 चौरस फुटांची एकेक खोली. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या मनोऱ्यांतल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घराची किंमत त्यांनी दिलेली नाही आणि डोक्यावर हप्ताही नाही. पहिली 12 वर्षे इमारतींच्या देखभालीचा भार म्हाडाने उचलायचे ठरवले आहे. त्यांच्या घरखर्चाचा वाटा आज जवळजवळ शून्य आहे. खरा आकडा तेराव्या वर्षाच्या पहिल्या मेंटेनन्सच्या बिलावर छापून येईल.